सातारा: आईच्या घराची गच्ची गळते आहे, कामाला खात्रीचा माणूस कसा शोधावा?

शाहूपुरीची लेक:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं लिहिते.

साताऱ्यात शाहूपुरीत आमचं घर आहे. 1991 चं आरसीसी बांधकाम, स्लॅब साधारण 900 चौरस फूट, त्यावर तेव्हाचाच विटांच्या तुकड्यांचा कोबा. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. मी पुण्यात नोकरीला आहे, शनिवार-रविवारी जाते. यवतेश्वराच्या डोंगराकडून येणारा पाऊस आमच्या गच्चीला सोडत नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात, हे बरेच दिवस चाललं होतं. पण आता स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर छताच्या प्लास्टरचा हातभर तुकडा खाली आला. रात्री पडला म्हणून निभावलं. दिवसा आई तिथेच उभी असते. आतली सळई उघडी पडली आहे आणि ती गंजलेली आहे. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

दोन वर्षांपूर्वी एकाने गच्चीवर केमिकलचा पांढरा थर मारून दिला होता. 28 हजार रोख घेतले, गॅरंटी सात वर्षांची, तीही तोंडी. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. आधी फोनवर "पाऊस उघडला की येतो काकू" म्हणायचा, नंतर फोन उचलणंच बंद केलं.

यंदा तिघे येऊन बघून गेले. पहिला म्हणतो, जुना थर खरवडून नवं कोटिंग मारू, 45 रुपये फूट, दहा वर्षांची गॅरंटी. दुसरा म्हणतो, कोबा सगळा फोडून नवा करावा लागेल, 165 रुपये फूट, सत्तर टक्के ॲडव्हान्स, दुसऱ्याच दिवशी काम सुरू. तिसरा म्हणतो, स्लॅबच्या नादाला लागूच नका, वरून पत्र्याची शेड टाका, 2 लाख 40 हजार. एकाच गच्चीला 40 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत आकडे आहेत, आणि तिघेही शपथेवर सांगतात की बाकीचे दोघे फसवतात.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आई भिडस्त आहे. घरात आलेल्या माणसाला चहा दिला, त्याने "आई" म्हणून हाक मारली, की तिला त्याच्याकडे हिशोब मागता येत नाही. मागच्या वेळी तो माणूस दुपारी तीनला काम बंद करून जायचा. तिला दिसत होतं, पण बोलली नाही. तिला बदलायला मी सांगणार नाही, या वयात आणि एकटीने राहताना शेजारपाजाऱ्यांशी, कामाच्या माणसांशी गोड राहणं हाच तिचा आधार आहे. पण मग आठवड्याचे पाच दिवस मी तिथे नसताना काम नीट होतंय हे कळायचं कसं?

आत्ता एप्रिलचा मध्य आहे. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि 2025 ला तर मान्सून 26 मेलाच मुंबईत पोचला होता. साताऱ्याकडचं कोणी असेल, किंवा या कामातलं कोणी असेल, तर कृपा करून सांगा. नावं, नंबर इथे नकोत. माणूस ओळखायचा कसा ते हवं आहे.


पोवई नाका:

सिमेंट-लोखंडाच्या जुन्या दुकानात विचारा, पण प्रश्न जरा वेगळा विचारा. "चांगला कंत्राटदार कोण?" असं विचारलंत तर दुकानदार त्याच्याकडून जास्त माल नेणाऱ्याचं नाव सांगेल. "तुमची उधारी कोण वेळेवर देतो?" असं विचारा. गावातला प्रत्येक कंत्राटदार दुकानात उधारीवर माल उचलतो. वेळेवर फेडणाऱ्याच्या हातात कामं नीट चाललेली असतात. रंगाच्या दुकानात मात्र विचारू नका. तिथे डब्यामागे कुपनं असतात, पेंटरला पॉइंट मिळतात, त्यामुळे ज्या डब्यावर जास्त पॉइंट तो डबा तुमच्या गच्चीवर येतो.

माझं मत शेडच्या बाजूने आहे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांवर शेड आहे, आणि पाणी थांबलंय हे खरं आहे.


ओळंबा:

ताई, मी साइट सुपरवायझर होतो, आता निवृत्त आहे. कोबा, प्लास्टर, स्लॅब यातच आयुष्य गेलं. सविस्तर लिहितो.

खात्रीचा माणूस शोधण्याआधी एक काम राहिलंय. पाणी नेमकं कुठून उतरतंय हे अजून कोणीच बघितलेलं नाही. तिघांनी तीन औषधं लिहून दिली, नाडी एकानेही धरली नाही. तिघांतला कोणी वर हातोडी घेऊन गेला का? कोबा ठोकून बघितला का? पोकळ वाजतो तिथे तो स्लॅबपासून सुटलेला असतो. पावसाळी पाइपाचं तोंड, टाकीखालची जागा, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि कोबा जिथे मिळतात तो वाटा, या तीन ठिकाणी दहातल्या सात-आठ गच्च्या गळतात, असा माझा अनुभव आहे. वाटा तडकला असेल तर मधल्या गच्चीवर कितीही भारी केमिकल ओता, पाणी भिंतीच्या कडेने उतरणारच. तुमच्या हॉलचा कोपरा वरच्या कुठल्या भागाखाली येतो ते आधी बघा.

त्याहीआधी स्वयंपाकघर. सळई दिसते म्हणजे प्रश्न नुसत्या गळतीचा राहिला नाही. गंज चढला की सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. पडलेल्या जागेवर कोणी सिमेंट थापून देऊ म्हणाला तर नको म्हणा, ते पुन्हा पडेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याची फी तुम्ही स्वतः द्या. कंत्राटदाराने सोबत आणलेला इंजिनिअर नको. तो ठोकून सुटलेलं काँक्रीट काढायला लावेल, सळई किती झिजली ते बघेल. झीज थोडी असेल तर घासून गंज काढायचा, गंजरोधक लावायचं, जुनं-नवं चिकटवणारा बाँडिंगचा हात मारायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. झीज जास्त असेल तर जादा सळई लागेल, ते त्यानेच ठरवायचं. तोपर्यंत आईंना ओट्यापाशी उभं राहू देऊ नका. गॅसची शेगडी आठ दिवस दुसऱ्या खोलीत नेली तरी चालेल.

मग पाण्याची परीक्षा. गच्चीचे चार भाग पाडा. मातीचा बांध घालून एकेका भागाला आळं करा, पाइपाचं तोंड बंद करा, दीड-दोन इंच पाणी 48 तास ठेवा. खाली छतावर ओल कुठे उमटते तिथे पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. सगळी गच्ची एकदम भरू नका. दोन इंच पाणी 900 चौरस फुटांवर म्हणजे सव्वाचार टन वजन होतं. स्वयंपाकघराच्या वरचा भाग तर इंजिनिअरने सांगितल्याशिवाय अजिबात भरू नका. कोब्याच्या पोटात पाणी आडवंही फिरतं, त्यामुळे खूण दोन-चार फूट इकडेतिकडे होईल. तरी चारांपैकी कोणता भाग गळतो एवढं नक्की कळतं.

आता वजनाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. कोणी म्हणालं की जुना कोबा राहू द्या, त्यावरच नवा टाकू, फोडायचा खर्च वाचेल, तर त्याला तिथूनच निरोप द्या. चार इंची कोबा चौरस फुटाला 18 ते 20 किलो भरतो. 900 फुटांवर 16 ते 18 टन. गंजलेल्या सळईच्या स्लॅबवर हे जादा ओझं टाकायला सुचवणारा माणूस अडाणी तरी आहे नाहीतर त्याला तुमच्या घराची पर्वा नाही.

पत्र्याच्या शेडबद्दल पोवई नाका म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. वरचं पाणी थांबतं. पण आत गंजलेल्या सळईची दुरुस्ती तरीही करावीच लागते. शेडला नगरपालिकेची परवानगी विचारून घ्या, आणि खांब स्लॅबमध्ये कुठेही भोकं पाडून रोवायचे नसतात, खालच्या कॉलमवर यायला हवेत. नाहीतर वादळवाऱ्यात नवं दुखणं.

आता कोबा फोडून करायचाच ठरला तर फसवणूक कुठे होते ते सांगतो, म्हणजे आई घरी असल्या तरी तुम्हाला पुण्यात बसून कळेल. फसवणूक होते ती झाकल्या जाणाऱ्या थरात. कोबा फोडला की स्लॅब धुऊन त्यावर वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला सिमेंटचा हात, त्यावर मसाल्याचा, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, हे सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या विटा फक्त उतार द्यायला आणि ऊन अडवायला असतात. पाणी अडवायचं ते खालच्या थराने. पाण्याची पहिली परीक्षा त्या थरावर घ्यायची, विटा बसवायच्या आधी. घाईत असलेला माणूस हीच पायरी गाळतो. कागदावर लिहून घ्या की या थरावर 48 तास पाणी ठेवून दाखवल्याशिवाय विटा चढणार नाहीत. दुसरी परीक्षा शेवटी.

विटा नव्या, पक्क्या भाजलेल्या, पाण्यात भिजवलेल्या हव्यात. फोडलेल्या कोब्याचाच चुरा परत भरणारे लोक मी बघितलेत. त्यावर उपाय म्हणजे राडारोडा आधी खाली उतरवून घ्यायचा. त्याचा हिशोबही तुम्हीच करा. 900 फूट गुणिले चार इंच म्हणजे 300 घनफूट, तीन ब्रास. फुटल्यावर फुगतो, साडेचार ब्रास धरा. ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या. कोणी दहा ट्रॉल्यांचं बिल लावलं तर का ते विचारा. वाटा पॅरापेटवर फूटभर वर चढवलेला हवा, आणि तो चौरस फुटात धरलाय की रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा लावणार, हे आधी ठरवा. शेवटच्या दिवशी भांडण याच गोष्टीवरून होतं. उतार दहा फुटाला सव्वा इंच. काम झाल्यावर लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता, ते थेट पाइपाकडे गेलं पाहिजे.

सिमेंट आणि कंपाउंड तुम्ही स्वतः दुकानातून घ्या, बिल तुमच्या नावाने. गोणीवर कोणत्या आठवड्याचं उत्पादन ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत करा.

पैशाचं सूत्र एकच, पैसे कामाच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. सुरुवातीला दहा-पंधरा टक्के, फोडून राडारोडा गेल्यावर काही, खालच्या थराची परीक्षा झाल्यावर काही, असं. शेवटचे दहा टक्के जुलैत, दोन मोठे पाऊस बघून. सत्तर टक्के आधी मागणाऱ्याला मी एक रुपयाही दिला नसता.


शाहूपुरीची लेक:

काका, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला आजच फोन करून शेगडी देवघराच्या खोलीत हलवायला सांगितली. हातोडी तिघांपैकी कोणीच वर नेली नव्हती. पहिल्याने तर गच्ची जिन्याच्या दारातूनच बघितली, आई म्हणाली.

165 वाल्याला मी फोनवर म्हटलं की कामाचं वर्णन लिहून द्या. तो दुखावला. "ताई, कागद कशाला, विश्वास नाही का? तुमच्या आईला मी आई मानतो" असं म्हणाला. मला खरंच कळेना काय बोलावं. माणूस वाईट वाटत नाही. कागद मागणं म्हणजे अपमान करणं असतं का?


घमेलं-फावडं:

ताई, मी दुसऱ्या बाजूची आहे. कराडजवळ आमचा छोटा कंत्राटाचा धंदा आहे. मालक साइट बघतात, मी हिशोब, मजुरांचे पगार आणि माल बघते.

कागद मागितला तर आम्हाला बरंच वाटतं. कामात निम्मी भांडणं लबाडीतून होत नाहीत, काय ठरलं होतं हे दोघांना वेगळं आठवतं म्हणून होतात. गच्चीचं काम चालू असताना लोक सांगतात, जिन्याचंही तेवढं करून टाका, संडासाची एक फरशी बसवा. आम्ही करतो, शेवटी पैसे मागितले की "हे त्यातच होतं ना?" म्हणून आमचेही पैसे बुडतात. कागद दोघांना सांभाळतो, असं त्याला सांगा. तेवढ्यावर तो तयार झाला तर ठीक. नाहीच झाला तर त्याला सोडा, कितीही गोड बोलला तरी.

सत्तर टक्के ॲडव्हान्स का मागतात तेही सांगते. तुमचे पैसे तुमच्या सिमेंटला जात नाहीत. मागच्या साइटवर अडकलेल्या मजुरांचा पगार त्यातून भागतो, मग तुमच्या मजुरांसाठी पुढचं गिऱ्हाईक शोधावं लागतं. अशा माणसाची नियत चांगली असली तरी तुमचं काम मध्येच बंद पडतं, कारण मजूर जिथे पैसे मिळतात तिथे जातात. म्हणून त्याच्या चालू साइटवर जा आणि बिगाऱ्यांना, विशेषतः बायकांना, एकच विचारा, "बाजार वेळेवर मिळतो का?" आमच्याकडे आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी होतो. तो ज्याच्याकडे चुकत नाही, त्याच्याकडे माणसं टिकतात आणि काम शिकलेलं राहतं. मजुराला बुडवणारा तुम्हाला सोडेल असं कशावरून?

काम बघायचं तर त्याचं आत्ताचं बघू नका. नवा कोबा सगळ्यांचाच छान दिसतो. तीन पावसाळे झालेली गच्ची दाखव म्हणा आणि त्या घरातल्या बाईंशी बोला, त्याच्या गैरहजेरीत. छताचा कोपरा बघून घ्या.

चांगला माणूस दर सांगायच्या आधी प्रश्न विचारतो. घर किती सालचं, टाकी किती लिटरची, पूर्वी काय केलं होतं, ओल पावसातच दिसते की बाराही महिने. बाराही महिने असेल तर ती गच्चीची नसून पाइपाची किंवा टाकीची असू शकते. फोनवर फूट विचारून दर सांगणाऱ्याला तुमच्या घराचं काय माहीत?

आईंबद्दल. त्यांना हिशोबात घालूच नका. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा, पैशाचं आणि कामाचं बोलणं फक्त माझ्याशी. आई चहा देतील, बस. आणि आईंना एकच काम द्या. रोज संध्याकाळी गच्चीच्या त्याच दोन कोपऱ्यांतून दोन फोटो काढून तुम्हाला पाठवायचे. कोणाला काही विचारायचं नाही, कोणावर लक्ष ठेवतोय असंही वाटत नाही. तुम्हाला पुण्यात कळेल आज काय झालं. आळं करून पाणी भरलंय का तेही फोटोत दिसतं. कोबा कमीत कमी सात दिवस पाण्याखाली हवा, आणि हे आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त टाळलं जातं. आईंना जमत असेल तर पाण्याचा पाइप त्यांच्याच हातात द्या. त्यांच्याइतकं कोणी जपणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात आमचेच अर्धे मजूर लग्नाला, शेताच्या मशागतीला गावी जातात. फोडणं, खालची दुरुस्ती, थर, परीक्षा, विटा, पाणी, हे धरून चांगले चार आठवडे लागतात. 5 मेपर्यंत काम सुरू होत नसेल तर गच्ची उघडू नका. उघडी गच्ची आणि वळवाचा पाऊस, यापेक्षा वाईट काही नाही. मग स्वयंपाकघराची दुरुस्ती आता करा, वर वाटा आणि पाइपाचं तोंड तेवढं नीट करून ताडपत्री टाका, आणि कोबा दिवाळीनंतर. पावसाळा तोंडावर आहे म्हणून घाई करायला लावणारा माणूस तुमच्या भीतीवर पैसे कमावतोय.


ग्राहक मंच वाचक:

वरच्या दोघांनी कामाचं सांगितलं, मी कायद्याचं थोडं जोडतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे पैसे घेऊन केलेली घरदुरुस्ती ही सेवा आहे, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षं. तुमचं जुनं कोटिंग पहिल्या पावसाळ्यात सुटलं ती तारीख धरली तर मुदत कदाचित अजून शिल्लक असेल, पण संपत आली आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. रोख दिलेत, पावती नाही, तरी त्याचे मेसेज, "येतो काकू" असं काही लेखी असेल तर ते, त्या आठवड्यात बँकेतून काढलेली रक्कम, सुटलेल्या थराचे फोटो, हे गोळा करा.

नव्या कामात पैसे बँकेतूनच द्या. जीएसटी नंबर नाही म्हणून कोणाला लबाड ठरवू नका. वर्षाला 20 लाखांच्या आत सेवेची उलाढाल असलेल्या छोट्या माणसाला नोंदणी बंधनकारक नाही. पण जो बिलावर जीएसटी लावतो त्याचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळतं का. आणि "दहा वर्षांची गॅरंटी" कोण देतंय ते वाचा. केमिकलच्या कंपनीच्या पत्रात बहुतेक वेळा मालाचीच हमी असते, लावण्याच्या मजुरीची नसते. गळती झाली तर डबा बदलून मिळेल, गच्ची पुन्हा कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो.


शाहूपुरीची लेक:

सगळ्यांना काय झालं ते सांगते, कारण तुमच्यामुळेच झालं.

इंजिनिअर येऊन गेले. स्वयंपाकघरात ठोकल्यावर आणखी बराच भाग सुटला, पण सळई फार झिजलेली नाही, दोनच ठिकाणी जोड द्यावा लागेल असं त्यांनी लिहून दिलं. पाण्याची परीक्षा उरलेल्या तीन भागांवर घेतली. हॉलवरचा भाग दुसऱ्या दिवशीच गळला, आणि तोच टाकीच्या खालचा आहे. अर्ध्याहून जास्त कोबा पोकळ वाजतो, म्हणून फोडायचाच ठरला.

165 वाल्याला घमेलं-फावडं ताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, कागद दोघांना सांभाळतो. तो म्हणाला विचार करून कळवतो, आणि कळवलं नाही. सिमेंटच्या दुकानात उधारीचा प्रश्न विचारला तेव्हा दुकानदार काका आधी माझ्याकडे बघतच राहिले, मग एक नाव दिलं. तो गृहस्थ आला तो हातोडी घेऊनच. तासभर वर होता. खाली आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ओल उन्हाळ्यात असते का? त्याचा दर 178 आहे, कोब्याचा फुटाचा दर सगळ्यांत जास्त त्याचाच. पण दोन पानं लिहून दिली, थरावरची परीक्षा त्यात त्याने स्वतःहून घातली होती, ॲडव्हान्स 20 हजार मागितला, आणि शेवटचे दहा टक्के जुलैत घ्यायला तयार झाला. त्याची जुनी गच्ची साताऱ्यातल्याच करंजे भागात जाऊन बघितली, तिथल्या वहिनींनी छत दाखवलं, कोरडं होतं. साइटवरच्या बायकांना बाजाराचं विचारलं. त्यातली एक म्हणाली, "सणाला उचल पण देतात." 22 एप्रिलला काम सुरू होतंय.

आई फोटो काढायला शिकली आहे.

एकच राहिलं. काका, टाकी हजार लिटरची आहे, विटांच्या तीन ठेंगण्या खांबांवर, तेही थेट कोब्यावर बांधलेले. तो म्हणतो टाकी हलवावी लागेल. आईला तेवढे दिवस पाणी कसं द्यायचं, आणि टाकी परत तिथेच ठेवायची का?


ओळंबा:

हलवायलाच हवी, तो बरोबर सांगतोय. टाकी न हलवता खांबाभोवतीनं कोबा करणारे असतात, आणि गळती तिथेच राहते.

परत त्याच जागी ठेवू नका. भरलेली टाकी म्हणजे टनभर वजन. इंजिनिअरला विचारून खालची भिंत किंवा कॉलम जिथे येतो तिथे लोखंडी स्टँडवर घ्या, स्टँडचे पाय कोबा करतानाच त्यात नीट बसवून घ्या, नंतर ड्रिल मारून नको. ओव्हरफ्लोचा पाइप पावसाळी पाइपाच्या तोंडापर्यंत न्या, तो गच्चीवर मोकळा सोडला की बाराही महिने ओल राहते. खाली उतरणारा पाइप स्लॅबमधून आरपार गेला असेल तर तो बंद करून पॅरापेटवरून बाहेरच्या भिंतीने उतरवा. प्लंबरला कोबा फोडायच्या आधी बोलवा, नंतर नाही.

तेवढे दिवस दोनशे-तीनशे लिटरची छोटी टाकी जिन्याच्या टपावर, म्हणजे जिन्यावरच्या छोट्या छतावर, ठेवता येते. टपाचा स्लॅब धड आहे का तेवढं त्याच इंजिनिअरला फोनवर विचारून घ्या. तो खराब असेल तर अंगणात पिंप आणि आईंना बादलीने पाणी आणावं लागणार नाही अशी एखादी छोटी मोटर.